स्वयंपाकघरामागची खोली

नाना जयवंतांनी दादरला बांधलेलं घर आता तिथे नाही. त्या जागी सात मजल्यांची इमारत आहे आणि खाली औषधांचं दुकान. माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या त्या दुकानात मिळतात, पण मी त्या दोन गल्ल्या पुढे जाऊन आणतो. एवढं लांब कशाला जाता, असं बायको विचारते. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय, असं मी तिला सांगतो. ते खोटं नाही, पण खरं कारणही ते नाही.

नाना आमच्या कचेरीत हेड ड्राफ्ट्समन होते. फोर्टातल्या एका आर्किटेक्टची ती कचेरी. आम्ही आठ-दहा जण दिवसभर टेबलावर वाकून सिमेंटच्या इमारतींचे नकाशे काढायचो. माझं टेबल नानांच्या शेजारी. त्यांना मी नऊ वर्षं जवळून पाहिलं. बंद गळ्याचा कोट, काळी टोपी, आणि कोटाच्या डाव्या खिशात पितळी बिजागऱ्यांची घडीची फुटपट्टी. पेन्सिलीला ते कधी नुसतं टोक करत नसत, चाकूने तिला धार लावत. एकदा धार लागली की पंधरा मिनिटं कोणाशी बोलायचे नाहीत, कारण बोलण्यात धार जाते असं त्यांचं म्हणणं. स्लॅबचा नकाशा समोर आला की एक वाक्य मात्र ठरलेलं असे. "सिमेंटला आठवण नसते, कदम." एवढं बोलून त्याच सिमेंटचा नकाशा असा सुरेख काढायचे की साहेब तो गिऱ्हाइकांना मुद्दाम दाखवी.

फुटपट्टी बाहेर काढायला त्यांना निमित्त लागत नसे. माझ्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा बायकोने पुढे केलेला पाण्याचा पेला तसाच ठेवून ते गॅलरीत गेले आणि कठडा मोजला. "दोन फूट आठ. कमी आहे, कदम. धाकटं चढायला लागलं की पंचाईत होईल." मी हसण्यावारी नेलं. पुढच्या रविवारी स्वतः एक फळी, चार खिळे आणि हातोडी घेऊन हजर! फळी ठोकून, चहा घेऊन गेले. धाकटा खरंच महिन्याभरात चढायला लागला. दुसऱ्याच्या घरात कोणाला काय लागेल ते या माणसाला न सांगता कळायचं. म्हणूनच पुढे जे झालं ते मला अजून पचत नाही.

नानांचं मूळ घर गिरगावातलं, तीन पिढ्यांचं. रस्ता रुंद करायचा ठरला आणि ते पाडलं गेलं. पाडापाडी चालू असताना नाना वही घेऊन तिथे उभे होते. मजुरांना चहा पाजायचे, तेवढ्या वेळात आत शिरून एखादी भिंत मोजायचे, बाहेर येऊन लिहायचे. ओट्याच्या पायऱ्या, खांबांची जाडी, देवघरातला कोनाडा, झोपाळ्याच्या कड्यांमधलं अंतर, सगळं त्या काळ्या पुठ्ठ्याच्या वहीत होतं. शेवटची भिंत पडली तेव्हा शेजारी त्यांची मोठी बहीण उभी होती. नाना तिला म्हणाले, "आक्का, अस्संच घर तुला परत बांधून देईन." हा प्रसंग त्यांनी मला निदान वीस वेळा सांगितला असेल. मग आक्का काय म्हणाल्या, असं मी एकदाच विचारलं. नाना म्हणाले, "काय म्हणणार? बरं म्हणाली."

आक्का नानांपेक्षा बारा वर्षांनी मोठ्या. लग्न झालं आणि सोळाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी परत आल्या. पुढे आई गेली तेव्हा नाना लहान होते, त्यांना आक्कांनीच वाढवलं. नानांनी लग्न केलं नाही. घर पडल्यावर दोघं लालबागच्या एका चाळीत दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत राहायला आली. नानांना त्या चाळीची मनापासून लाज वाटे. स्वतःसाठी नव्हे, आक्कांसाठी. "माझ्या बहिणीला ह्या वयात सामायिक नळावर उभं राहावं लागतं, कदम," असं म्हणताना त्यांचा आवाज बदलायचा.

आक्का स्वतः मात्र त्या चाळीत पाण्यातल्या माशासारख्या होत्या. गॅलरीत त्यांच्या दाराशी एक पाट होता, तो त्यांचा. सकाळपासून त्या तिथे. गिरणीतल्या माणसांच्या बायका पाळीपाळीने तिथे येऊन बसत आणि आक्का त्यांना वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवत. ते दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे. खालून दिवसाआड मोर्चा जायचा. मोर्चा आला की आक्का पेपर बाजूला टाकून पाण्याची कळशी जिन्याच्या तोंडाशी ठेवायच्या, आणि साठी उलटलेली ती पांढऱ्या लुगड्यातली बाई कठड्यावर वाकून "मुंबईसह महाराष्ट्र झालाच पाहिजे" असं ओरडायची की पलीकडच्या चाळीतून लोक बघायला यायचे. नाना आतून दार लोटून घ्यायचे. "ह्या गोंगाटात तिचं म्हातारपण चाललंय," असं ते मला म्हणाले होते. म्हातारपण छान चाललंय, असं मी तेव्हा म्हणायला हवं होतं. पण हेड ड्राफ्ट्समनला कोण सांगणार?

दादरला समुद्राच्या बाजूला नानांना जमिनीचा एक तुकडा मिळाला आणि घर सुरू झालं. चोहोकडे गोल गॅलऱ्यांच्या सिमेंटच्या इमारती उठत होत्या. मध्ये नानांचं कौलारू घर, उंच ओटा, सागवानी खांब, तुळईला नक्षी. लोक येता-जाता थांबून विचारत, देऊळ होतंय का? लाकूड नवीन घ्यायचं नाही हा नानांचा हट्ट. गिरगावात कुठे जुनं घर पडतंय असं कळलं की रजा टाकून जायचे आणि खांब, दारं, कड्या निवडून आणायचे.

असेच ठाकूरद्वारहून दोन नक्षीचे खांब हातगाडीवर घालून निघाले, तो नेमका हरताळाचा दिवस. नाना वर्तमानपत्र वाचत नसत. ते आक्कांचं खातं. हातगाडीवाला कसाबसा लालबागपर्यंत आला आणि नेमक्या त्यांच्याच चाळीसमोर पोरांनी गाडी अडवली.

"आज हरताळ आसा, तुमका म्हायत नाय?"

"ही गाडी नव्हे हो, घराचे खांब आहेत," नाना म्हणाले.

"खांब काय चलत इले?"

नाना फुटपट्टी हातात धरून त्या पोरांना काहीतरी समजावत होते, तेवढ्यात वरून आक्कांचा आवाज आला, "वासू! चाकं थांबव! हरताळ म्हणजे हरताळ!" पोरांनी वर बघून टाळ्या पिटल्या. नाना कानापर्यंत लाल झाले. शेवटी पोरांनीच खांब उचलून चाळीच्या जिन्याखाली उभे केले आणि तिथे ते तीन दिवस राहिले. चौथ्या दिवशी नाना ते घेऊन गेले. हा प्रसंग कचेरीत मी सांगितला, नानांनी नाही.

बांधकाम सुरू व्हायच्या आधी घराचा नकाशा शाईने काढायचं काम नानांनी मला दिलं होतं. पेन्सिलीचा नकाशा त्यांचा होता. "तुमची रेघ माझ्यापेक्षा शांत आहे, कदम," असं म्हणाले. नऊ वर्षांत त्यांनी केलेली ही एकच स्तुती, त्यामुळे मी आठ दिवस हवेतच होतो. ट्रेसिंगच्या कापडावर एकेक भिंत चढवत गेलो. ओटा, पडवी, माजघर, देवघर, स्वयंपाकघर. स्वयंपाकघरामागे एक चिमुकली खोली होती, साडेसात फूट बाय सहा. तिची एक भिंत बाजूच्या रस्त्याला लागून. तिला खिडकी नव्हती, फक्त वर छपराजवळ वीतभर झरोका.

"ही आक्काची," नाना म्हणाले. "ह्या खोलीत तिने मला किती गोष्टी सांगितल्या असतील! जमीन कशी गार असायची. झरोक्यातून उन्हाचा एक रुपयाएवढा ठिपका पडायचा, तो भिंतीवरून सरकत सरकत कोपऱ्यात गेला की ती म्हणायची, आता पुरे, उद्या. जगात त्याहून चांगली जागा मला माहीत नाही." हे सांगताना त्यांचा चेहरा चार वर्षांच्या मुलासारखा झाला होता. मी ती खोली तशीच काढली.

मंजुरीच्या कचेरीतून नकाशा परत आला. राहण्याच्या खोलीला खिडकी नाही, असा शेरा. नियम नानांना तोंडपाठ होते, असे शेरे त्यांनी दुसऱ्यांच्या नकाशांवर कितीदा आधीच ओळखले होते. पण ते नुसते हसले. "जुन्या घरात नव्हती, तर इथे कुठून आणू? त्यावर स्टोअर लिहा, कदम." मी सुबक अक्षरात 'स्टोअर' असं इंग्रजीत लिहिलं आणि नकाशा मंजूर झाला.

एका रविवारी नाना जुन्या लाकडाच्या वखारीत गेले होते आणि मी छापील नकाशा द्यायला चाळीत गेलो. आक्का गॅलरीत पाटावर बसल्या होत्या. "कदम, बसा. काय आणलंत? मला दाखवा तरी, माझंच घर आहे म्हणे." मी नकाशा मांडीवर पसरून बोट फिरवत सगळं समजावलं. झोपाळ्यापाशी त्या हसल्या. देवघरापाशी त्यांनी कागदालाच हात जोडले. मग त्यांचं बोट आपोआप स्वयंपाकघरामागे गेलं.

"आणि हे?"

"ही तुमची खोली. नानांनी मुद्दाम तश्शीच ठेवलीय."

"खिडकी कुठाय हिला?"

"वर झरोका आहे ना."

खाली रस्त्यावर एक पाववाला ओरडत चालला होता, तो दिसेनासा होईपर्यंत त्या त्याच्याकडे बघत राहिल्या. मग नकाशाची घडी घातली. "वासू खूश आहे ना?"

"खूप."

"मग असू दे. मी विचारलं म्हणून त्याला सांगू नका."

आणि मी सांगितलं नाही. त्यांनी शब्द घेतला होता हे खरं. पण मी काही नुसता निरोप्या नव्हतो. दुसऱ्या दिवशी ते कापड माझ्या टेबलावर होतं, माझ्या लेखणीत शाई होती. मला तेव्हा सगळं कळलं नव्हतं, तरी काहीतरी बिनसलंय एवढं नक्की कळलं होतं. नकाशात खिडकी म्हणजे भिंतीत पाऊण इंचाच्या दोन रेघा. नानांना म्हणता आलं असतं, इथे एक खिडकी घेऊ या का? ते रागावले असते, आणि शांत रेघेवाला म्हणून माझी जी नवी नवी शान होती ती गेली असती. तेवढ्यासाठी मी गप्प बसलो. कारण दुसरं नव्हतंच.

वास्तुशांतीला आक्का चाळीतल्या पाच-सहा बायकांना घेऊन आल्या. हिंदमातेच्या दुकानातून नानांनी त्यांच्यासाठी नवं पातळ आणलं होतं, तेच नेसल्या होत्या. पूजा झाल्यावर नानांनी त्यांना घर दाखवायला सुरुवात केली. मी मागेच होतो. ओट्यावरच्या खांबाला हात लावून त्या म्हणाल्या, "हा आमच्या जिन्याखालचा ना रे? हरताळात सापडलेला?" सगळे हसले. देवघरातला कोनाडा बघून त्यांचे डोळे भरले. "आई इथेच दिवा ठेवायची. वासू, अगदी इथेच." झोपाळ्यावर बसून त्यांनी दोन झोके घेतले. नाना लहान मुलासारखे पुढे पुढे पळत होते. पुरणाचा वास येणारं स्वयंपाकघर ओलांडलं आणि नानांनी मागचं ठेंगणं दार उघडलं.

आक्का उंबऱ्याबाहेरच थांबल्या.

"हीपण केलीस?"

"मग! साडेसात बाय सहा. झरोक्याची उंचीसुद्धा तीच. ये ना आत."

त्या आत गेल्या नाहीत. चौकटीला धरून उभ्या राहिल्या आणि अगदी शांतपणे बोलल्या.

"तू चार वर्षांचा होतास. तुला कोणी सांगितलं नाही, मीही नाही. मी परत आले तेव्हा काकूने मला ह्या खोलीत बसवलं. कोणाच्या नजरेला पडायचं नाही म्हणून. दीड वर्ष. ह्या भिंतीपलीकडे रस्ता होता. माणसांचे आवाज यायचे, माणूस दिसायचं नाही. तू यायचास म्हणून मी गोष्टी सांगायची, वासू. तू गेलास की काकू बाहेरून कडी घालायची."

नानांच्या हातात उघडी फुटपट्टी होती. आपण ती कशाला उघडली हे त्यांना आठवत नसावं. ते म्हणाले, "पण आक्का, नकाशा... कदमांनी दाखवला होता ना तुला?"

आक्कांनी माझ्याकडे बघितलं.

"मला मेलीला नकाशा कुठे कळतो?" त्या म्हणाल्या.

मी त्याही वेळी गप्प राहिलो. ती बाई तेव्हा मलाही वाचवत होती आणि भावालाही, आणि मी खुशाल वाचलो.

मग त्यांनी पुरणपोळी खाल्ली, सुताराचं कौतुक केलं आणि दुपारी बायकांबरोबर चाळीत परत निघाल्या. जाताना नानांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "घर सुरेख झालंय रे. त्या रस्त्याच्या भिंतीला एक खिडकी पाड. मग येते मी राहायला."

एवढंच मागितलं होतं. दुसरं कोणी असतं तर दुसऱ्या दिवशी गवंड्याला बोलावून भिंत फोडली असती. नानांनी दुसऱ्या दिवशी पेन्सिलीला धार लावली. जुन्या घरात त्या भिंतीला खिडकी नव्हती, त्यामुळे वहीत तिचं माप नव्हतं. त्या घराला शोभेल अशी खिडकी कुठली? नाना सुट्टीच्या दिवशी गिरगावच्या गल्ल्यांतून मान वर करून खिडक्या बघत फिरू लागले. महिरपीची काढली, गजांची काढली, खाली नक्षीची फळी असलेली काढली. प्रत्येक चित्र दोन दिवस टेबलावर ठेवायचे आणि तिसऱ्या दिवशी म्हणायचे, "ही त्या घरातली वाटत नाही." एकदा मी न राहवून म्हटलं, "नाना, भोक पाडा आणि चौकट बसवा."

"भोक पाडायला गवंडी पुरतो, कदम," ते म्हणाले. "तिला आता चुकीचं काही द्यायचं नाहीये."

नानाही त्या घरात राहायला गेले नव्हते. घर कुलूपबंद होतं आणि दोघं चाळीतच. मी गेलो की आक्का डोळे मिचकावून विचारायच्या, "झाली का खिडकी?"

"काढताहेत."

"लहानपणी पाटीवर 'ग' काढायचा ना, तेव्हाही असंच. पुसून पुसून पाटी झिजवायचा." त्या हसायच्या आणि पुन्हा खाली रस्त्याकडे बघायच्या. त्यांना घाई नव्हती. गॅलरी होती त्यांच्याकडे.

त्या हिवाळ्यात एका सकाळी आक्का गॅलरीतच गेल्या. पाटावर बसून तांदूळ निवडत होत्या, शेजारी पेपर उघडा होता. निरोप कचेरीत आला तेव्हा नाना कितवी तरी खिडकी काढत होते. त्यांनी कागद खणात ठेवला, टोपी घातली आणि निघाले. फुटपट्टी टेबलावरच राहिली होती. ती घेऊन मी मागून धावलो, तर माझ्याकडे न बघताच म्हणाले, "राहू दे."

त्यानंतर ते कचेरीत फारसे आले नाहीत आणि पुढे नोकरी सोडलीच. मीही जरा लाजेने, जरा कामाच्या निमित्ताने त्यांच्याकडे जायचं टाळलं. मे महिन्यात राज्य झालं. पाच-सहा दिवसांनी, रस्त्यांवरची तोरणं अजून उतरवली नव्हती तेव्हा, मनाशी एक ठरवून मी दादरला गेलो. नकाशाची गोष्ट त्यांना सांगायचीच होती.

बाजूच्या रस्त्याने येताना ती भिंत दिसली. मध्यभागी मोठी थोरली खिडकी. नक्षी नाही, महिरप नाही, गज नाहीत. साधी लाकडी चौकट, तीही उजवीकडे इंचभर उतरलेली. इतकी वाकडी चौकट आमच्या कचेरीतल्या शिपायानेही बसवली नसती. गिलावा अर्धवट होता. कोणाला विचारायची गरज नव्हती, भिंत नानांनी स्वतः फोडली होती, नकाशा न काढता.

नाना ओट्यावर होते. कोट नव्हता, टोपी नव्हती. मला बघून म्हणाले, "आलात, बरं झालं. एकट्याने जमत नव्हतं. जरा आत जाऊन बसता? पाट ठेवलाय खिडकीशी."

मी स्वयंपाकघरातून ठेंगण्या दारातून आत गेलो. तो चाळीतला पाट होता. त्याच्याखाली दोन विटा लावून तो उंच केला होता. त्यावर बसलो तर खिडकीची कड बरोबर माझ्या छातीशी आली आणि सगळा रस्ता समोर आला. एक बाई डोक्यावर मासळीची पाटी घेऊन चालली होती, तिने सहज माझ्याकडे बघितलं.

नाना रस्ता ओलांडून पलीकडच्या फुटपाथवर गेले. उन्हामुळे डोळ्यांवर हात धरून त्यांनी इकडे पाहिलं, दोन पावलं डावीकडे सरकले, मग उजवीकडे.

"दिसतंय!" ते ओरडले. "चेहरा स्वच्छ दिसतोय!"

मला जे सांगायचं होतं ते रस्त्यापलीकडे ओरडून सांगण्यासारखं नव्हतं. ते त्यांच्याजवळ जाऊन सांगावं म्हणून मी उठायला लागलो.

"उठू नका, कदम," नाना तिथूनच म्हणाले. "अजून जरा बसा."

मी बसून राहिलो.